जुन्या मोटारीला शिशाचे पेट्रोल लागतेच काय?

जुनी फियाट, जुनी अ‍ॅम्बॅसिडर किंवा पेट्रोलवर चालणारी जुनी जीप ज्यांच्या दारात उभी आहे, अशा आपल्या व्यापारी बंधूंना गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "शेठ, ही गाडी शिशाच्या पेट्रोलची आहे. आताच्या पेट्रोलवर हिचे वॉल टिकायचे नाहीत." यानंतर दोनपैकी एक सल्ला मिळतो. एक तर प्रत्येक टाकीमागे एक बाटली औषध टाका, नाही तर हेड खोलून सगळ्या सीट बदलून घ्या. बाटलीचा खर्च कायमचा आणि हेडचा खर्च एकदम मोठा. ऐकणारा कापडाचा, किराण्याचा किंवा भांड्याचा व्यापारी असतो. त्याला वॉल म्हणजे काय आणि सीट म्हणजे काय हे ठाऊक नसते, म्हणून तो मान हलवतो आणि पैसे मोजतो.

हा सल्ला काही गाड्यांच्या बाबतीत खरा आहे, काहींच्या बाबतीत अर्धवट खरा आहे आणि पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत बिनकामाचा आहे. आपली गाडी कोणत्या खात्यात मोडते हे मालकाला कळले, तर खिसाही वाचतो आणि भर घाटात माल भरलेली गाडी बंद पडण्याची नामुष्कीही टळते. आपल्या समाजातील अनेक तरुण मिस्त्रीकाम, लेथकाम आणि बॅटरीच्या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठीही हा विषय दुहेरी महत्त्वाचा आहे. एक तर गिऱ्हाइकाला दुरुस्त सल्ला देता यावा, आणि दुसरे म्हणजे शिसे ही काय चीज आहे हे त्यांनी स्वतःच्या आरोग्यासाठी ओळखावे.

शिसे पेट्रोलमध्ये आले कसे

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यावर हवा-पेट्रोलचे मिश्रण भलत्याच जागी भडकले, तर इंजिन खटखट वाजते. यालाच मिस्त्री लोक नॉकिंग म्हणतात. चढावर जास्त रेस दिली की ही खटखट ऐकू येते. पिस्टनवर हातोडा पडावा तसा हा मार असतो. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीत थॉमस मिजली नावाच्या संशोधकाने अनेक पदार्थ तपासून डिसेंबर १९२१ मध्ये यावर एक उपाय शोधला. शिशापासून बनवलेले टेट्राइथाइल लेड हे रसायन पेट्रोलमध्ये अगदी थोडे मिसळले की नॉकिंग थांबते, असे त्याला आढळले. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरात असे पेट्रोल प्रथम विक्रीला आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते, हे त्याच संशोधकांना त्या वेळी ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकत होता, त्याचे पेटंट मिळत नव्हते. शिशाचे रसायन थोडेसे पुरत होते, स्वस्त पडत होते आणि त्यावर हक्क सांगता येत होता. तिजारतीचा हिशेब जिंकला आणि आरोग्याचा हिशेब मागे पडला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही पुढे अनेक दशके जगभर शिशाचे पेट्रोल विकले गेले.

यावरून पहिला मुद्दा स्पष्ट होतो. १९२३ पूर्वीच्या मोटारी शिशाशिवायच चालत होत्या. म्हणजे जुनी गाडी म्हणजे शिशाची गाडी, हे समीकरणच चुकीचे आहे. गाडीच्या वयापेक्षा तिच्या इंजिनाची बनावट महत्त्वाची आहे.

शिशाचे दुसरे काम

नॉकिंग थांबवणे हे शिशाचे पहिले काम. दुसरे काम कोणी सांगून दिले नव्हते, ते आपोआप होत होते, आणि आजचा सगळा वाद त्या दुसऱ्या कामाचा आहे.

इंजिनात दोन प्रकारचे वॉल असतात. एक इनलेट, त्यातून ताजे मिश्रण आत येते. दुसरा एक्झॉस्ट, त्यातून जळालेला तप्त वायू बाहेर जातो. वॉल बंद होताना ज्या गोल कडेवर टेकतो तिला सीट म्हणतात. एक्झॉस्ट वॉल भरधाव गाडीत लालबुंद होतो आणि मिनिटाला हजार-दीड हजार वेळा सीटवर आपटतो. सीट जर साध्या बिडाची असेल, तर या उष्णतेने तिचे बारीक कण वॉलला चिकटतात आणि पुढच्या फटक्याला उपटून निघतात. ते कण पुन्हा सीटला घासतात. अशा रीतीने सीट झिजत जाते आणि वॉल हळूहळू हेडमध्ये आत बसत जातो.

शिशाचे पेट्रोल जळाल्यावर त्याच्या क्षारांचा पातळ थर सीटवर बसत असे. हा थर वॉल आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा राही व त्यांना एकमेकांना चिकटू देत नसे. आपल्या धंद्यातील उदाहरण द्यायचे तर ताण्याच्या सुताला खळ लावतात तसे समजा. खळ लावली म्हणजे फणीच्या आणि धोट्याच्या घासण्याने सूत तुटत नाही. पण खळ प्रत्येक सुताला सारखी लागत नाही. एकेरी कच्चे सूत खळीशिवाय मागावर टिकणार नाही, आणि चांगल्या पिळाचे दुहेरी सूत फारशा खळीवाचूनही निभावते. सीटचेही असेच आहे. साध्या बिडाच्या सीटला शिशाची खळ लागत होती. कडक पोलादी सीटला ती लागत नाही.

शिशाचे नुकसानही होते, हे विसरू नये. शिसे इंजिनात साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये आणखी काही रसायने घालावी लागत. ती जळून आम्ल तयार होई आणि सायलेन्सर लवकर सडे. प्लगवरही शिशाचे पुटकुळे जमत. शिसे गेल्यावर प्लग आणि सायलेन्सर यांचे आयुष्य वाढले. तो फायदा मालकाने जमेच्या बाजूला धरला पाहिजे.

आपल्याकडे शिसे केव्हा गेले

आपल्या देशात पूर्वी पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालत असे. वायुप्रदूषणाविरुद्ध एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात चालवलेल्या खटल्यात या प्रश्नाला जोर आला. जून १९९४ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत शिशाचे प्रमाण ०.१५ ग्रॅमवर आणले गेले. १ एप्रिल १९९५ पासून त्याच चार शहरांत नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून शिसे काढणे भागच होते. सप्टेंबर १९९८ मध्ये दिल्लीत शिशाचे पेट्रोल पूर्ण बंद झाले आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशात फक्त बिनशिशाचे पेट्रोल विकले जाऊ लागले.

ही शेवटची तारीख आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. अकोले, राजूर, कोतूळ, संगमनेर, कोणत्याही पंपावर गेल्या पंचवीस वर्षांत शिशाचे पेट्रोल आलेले नाही. म्हणजे जी गाडी २००० पासून आजपर्यंत रस्त्यावर चालती आहे, ती पंचवीस वर्षे बिनशिशाच्या पेट्रोलवरच चालली आहे. तिच्या सीट झिजायच्या असत्या तर त्या केव्हाच झिजल्या असत्या, किंवा मधल्या काळात दुरुस्तही झाल्या असतील. आज अचानक "पेट्रोल बदलले, आता वॉल जातील" असे कोणी सांगत असेल, तर त्याला हा साधा प्रश्न विचारावा: मग इतकी वर्षे काय जात होते?

खरा विचार करायचा तो वेगळ्या गाडीचा. वडिलांची किंवा चुलत्यांची गाडी २००० पूर्वीच गोदामात उभी राहिली, आणि आता मुलगा ती हौसेने किंवा धंद्यासाठी पुन्हा रस्त्यावर आणतो आहे. तिच्या सीटवर जुन्या शिशाचा थर शिल्लक असतो आणि तो काही हजार किलोमीटर साथ देतो. पण हेड खोलून वॉल ग्राइंडिंग केले की तो थर निघून जातो, आणि खऱ्या परीक्षेला तेथून सुरुवात होते.

कोणती गाडी कोणत्या खात्यात

डिझेल गाड्या: डिझेलमध्ये शिसे कधीच नव्हते. आपल्या तालुक्यातील बहुतेक जुन्या जीप डिझेलच्या आहेत. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. डिझेल जीपच्या मालकाला कोणी शिशाच्या नावाने बाटली विकली, तर ती सरळ परत करावी.

टू-स्ट्रोक स्कूटर व मोटारसायकली: बजाज चेतक, राजदूत, जावा आणि येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत आपण म्हणतो तसे वॉल नसतातच. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांतून वायू जातो-येतो. वॉल नाही, तर सीट नाही, आणि सीट नाही तर झीजही नाही. यांना फक्त योग्य तेल योग्य प्रमाणात हवे.

फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी: मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर कंपनीने बनवलेली ही गाडी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. तिचे १०८९ सी.सी. इंजिन बिडाच्या ब्लॉकचे, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. त्यात सीट कापून चालत नाही, वेगळी कडक कडी दाबून बसवावी लागते. त्यामुळे पद्मिनीला शिशाची फारशी गरज नव्हती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी हे दाखवून दिले. २००० नंतर त्या बिनशिशाच्या पेट्रोलवर आणि पुढे सी.एन.जी. गॅसवर चालल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या उतरल्या त्या वयाच्या नियमाने. शिसे नाही म्हणून उतरल्या नाहीत. पद्मिनीच्या मालकाने जपायचे ते पाणी आणि रेडिएटर. गाडी तापली तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि दाबलेली कडी सैल होऊ शकते.

रॉयल एनफिल्ड बुलेट: फोर-स्ट्रोक आहे, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि सीट वेगळी. तीही पद्मिनीच्याच खात्यात. मारुती ८०० सुद्धा याच खात्यात धरावी.

अ‍ॅम्बॅसिडर, १४८९ सी.सी. पेट्रोल: गॅरेजवाल्याचे म्हणणे येथे खरे ठरू शकते. हे इंजिन मूळ इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे. त्याचे हेड बिडाचे आणि सीट त्याच बिडात कापलेल्या. याच घराण्याच्या इंजिनांवर इंग्लंडमध्ये सीट झिजण्याच्या तक्रारी झाल्या. पुढे १९९० च्या दशकात आलेली इसुझू इंजिनाची अ‍ॅम्बॅसिडर मात्र वेगळी, तिला हा नियम लावू नये.

पेट्रोल जीप: महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये विलीसचे हरिकेन इंजिन असे. त्यात इनलेट वॉल वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल खाली ब्लॉकमध्ये असतो. म्हणून नुसते हेड उतरवून नेले तर एक्झॉस्टची सीट लेथवाल्याला दिसणारच नाही, ती ब्लॉकमध्येच पाहावी लागते. सीटभोवती वेगळ्या कडीची गोल रेघ दिसली, तर कडी बसवलेली आहे आणि काळजीचे कारण नाही. रेघ नसेल तर सीट बिडातच कापलेली आहे. (जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की ही कंपनी १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद १९४७ मध्ये पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले.)

गाडी चालते कोठे आणि कशी

सीट बिडाची असली तरी प्रत्येक गाडीची सीट झिजतेच असे नाही. झीज उष्णतेने होते आणि उष्णता ओझ्याने व वेगाने वाढते. गावातल्या गावात, दुकान ते घर, बाजारपेठ ते मशीद अशी चालणारी अ‍ॅम्बॅसिडर वर्षानुवर्षे काही न होता चालेल. लग्नाच्या वरातीपुरती निघणारी गाडी तर त्याहून सुरक्षित.

पण आपल्या भागाची गोष्ट वेगळी आहे. कापडाचे गठ्ठे भरून अकोल्याहून विठा घाट चढून राजूरला जाणे, तेथून भंडारदरा, बारी करत घोटीकडे उतरणे, किंवा संगमनेरहून चंदनापुरी घाटातून पुण्याकडे माल नेणे, हे इंजिनावर सलग ओझे आहे. खालच्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन अर्धा-अर्धा तास गाडी चढवली की एक्झॉस्ट वॉल सर्वात जास्त तापतो. हमरस्त्यावर ताशी ऐंशीच्या वर सतत पळवणे हेही तसेच. अशा वापराच्या बिडाच्या सीटला धोका खरा आहे.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांनाही तो आहे. सी.एन.जी. किंवा एल.पी.जी.मध्ये शिसे नसते, आणि पेट्रोलच्या थेंबांनी जो थोडा गारवा मिळतो तोही नसतो. म्हणून बिडाच्या सीटच्या जुन्या गाडीला गॅस किट बसवण्याआधी सीटचा विचार अवश्य करावा.

दुखणे ओळखावे कसे

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक फिलर गेज आणि एक वही पुरे. सीट झिजली की वॉल आत जातो. वॉल आत गेला की त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटची फट कमी होते. साध्या वापराच्या झिजेने फट बहुधा वाढते आणि टॅपेट वाजू लागतात. म्हणून टॅपेट वाजणारी गाडी पाहून घाबरू नये. घाबरायचे ते टॅपेट फार शांत झाल्यावर.

गाडीच्या पुस्तकात दिलेली फट मिस्त्रीकडून बसवून घ्यावी आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहावेत. दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजावे. एक्झॉस्टच्या फटी पुन्हा पुन्हा कमी होत असतील आणि इनलेटच्या तशाच राहत असतील, तर सीट झिजते आहे असे समजावे. चारही सिलिंडरच्या फटी जागच्या जागी असतील, तर सीट ठीक आहे. मग कोणी काहीही म्हणो.

फट संपली आणि लक्ष दिले नाही, तर वॉल पूर्ण बंद होत नाही. फटीतून तप्त वायू सुटतो, वॉलची कड जळते, कॉम्प्रेशन जाते. गरम गाडी पुन्हा सुरू होत नाही, चढावर दम तोडते, आणि एका सिलिंडरवर मिसिंग करते. येथपर्यंत पोहोचले की हेड खोलण्यावाचून इलाज नाही.

बाटली की कडक सीट?

शिशाऐवजी सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस किंवा मँगनीज यांच्या क्षारांचा थर देणारी औषधे निघाली आहेत. ती सगळीच फसवी नाहीत. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेले. त्याआधी तेथील जुन्या गाड्यांच्या मालकांच्या महासंघाने अशा औषधांची इंजिनावर प्रत्यक्ष चाचणी करवली. काही उतरली, काही पडली. यावरून दोन धडे घ्यावेत. बाटलीवर "शिशाला पर्याय" एवढेच छापलेले पुरेसे नाही, आत कोणते द्रव्य आहे आणि प्रमाण किती हे लिहिलेले हवे. आणि दोन वेगवेगळ्या औषधांची भेसळ करू नये.

आता व्यापाऱ्याचा हिशेब करू. समजा, बाटलीचा खर्च टाकीमागे १५० रुपये पडतो आणि महिन्याला चार टाक्या लागतात. म्हणजे महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये. गाडी इतकी चालत असेल, तर दोन-तीन वर्षांच्या बाटल्यांच्या पैशात एक्झॉस्टच्या कडक सीट बसवून कायमचे मोकळे होता येते. उलट गाडी वर्षाला तीनच टाक्या पीत असेल, तर बाटलीचा खर्च ४५० रुपये. पण इतक्या कमी वापरात सीट झिजण्याचीच शक्यता थोडी, मग बाटलीही कशाला? म्हणजे ज्याला गरज आहे त्याला बाटली महाग पडते, आणि ज्याला परवडते त्याला तिची गरज नसते. आकडे आपापल्या गावचे घालावेत, हिशेबाची रीत हीच.

कडक सीटसाठी मुद्दाम हेड खोलू नये. जेव्हा दुसऱ्या कारणाने हेड उतरेल, तेव्हाच हे काम करून घ्यावे. फक्त एक्झॉस्टच्या सीट बदलल्या तरी पुरते, इनलेटला गरज नसते. काम मात्र चांगल्या लेथवाल्याकडेच द्यावे. कडीचे माप सैल राहिले तर ती इंजिनात सुटून पडेल आणि पिस्टनसह सर्व फोडेल. घाईने केलेल्या कडक सीटपेक्षा मूळची बिडाची सीट बरी.

काही जण विमानाचे पेट्रोल मिळवून टाकण्याचा नुसखा सांगतात. लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते, हे खरे. पण ते मोटारीसाठी नाही. ते मिळवणे बेकायदा, महाग आणि घातक आहे. तसेच पंपावरचे महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हाही शिशाला पर्याय नव्हे. ऑक्टेनने नॉकिंग थांबते, सीटला थर मिळत नाही. आपल्या जुन्या फियाट-अ‍ॅम्बॅसिडर त्या काळच्या ८७ ऑक्टेनवर चालत होत्या. आजचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे किंवा त्याहून वरचे आहे. त्या बाबतीत त्यांची चैनच आहे.

आजचा खरा प्रश्न इथेनॉलचा

जुन्या गाडीच्या मालकाने आज लक्ष द्यायचे ते पेट्रोलमधून काय गेले याकडे नव्हे, तर काय आले याकडे. ज्या अल्कोहोलला १९२० च्या दशकात बाजूला सारले, तेच शंभर वर्षांनी परत आले आहे. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉल दहा टक्क्यांवर गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. आपला जिल्हा उसाचा आहे. इथेनॉलने शेतकऱ्याला आणि कारखान्याला आधार मिळतो, हे मान्य. पण जुनी गाडी त्यासाठी बनवलेली नाही.

इथेनॉल हवेतील पाणी ओढते. उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी खाली बसते आणि टाकी आतून गंजते. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग फुगतात, तडकतात आणि गळतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे आगीला निमंत्रण. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या बनावटीच्या चारचाकींचे मायलेज वीस टक्के इथेनॉलवर ६ ते ७ टक्के घटेल असे म्हटले आहे. शिवाय मिश्रण हलके पडते. मिश्रण फार हलके राहिले तर इंजिन गरम चालते आणि त्याचा भार पुन्हा एक्झॉस्ट वॉलवरच येतो. म्हणून बाटलीवर खर्च करण्याआधी सर्व रबरी पाइप इथेनॉल चालणारे बसवावेत, कार्बोरेटरचा जेट जाणकाराकडून तपासावा, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

शिसे गेले ते बरेच झाले

कोणी म्हणेल, थोडे शिसे राहिले असते तर काय बिघडले असते? बिघडले असते ते आपल्या मुलांचे. शिसे रक्तातून मेंदूत जाते. लहान मुलांची आकलनशक्ती त्याने कमी होते आणि हे नुकसान परत भरून येत नाही. शरीरात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जाहीर केले की अल्जेरिया या शेवटच्या देशानेही मोटारींना शिशाचे पेट्रोल देणे बंद केले आहे.

पेट्रोलमधून शिसे गेले, पण आपल्या कारागिरांच्या हातातून गेलेले नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातील दर तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिसे धोक्याच्या पातळीवर आहे, आणि त्याचे एक मोठे कारण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणे व वितळवणे हे आहे. रेडिएटर झाळण्याचे डाखाचे काम, बॅटरीच्या प्लेटी, जुना रंग खरवडणे, आणि कल्हईत शुद्ध कथलाऐवजी शिसे मिसळलेला माल वापरणे, या सर्वांतून शिसे घरात येते. कल्हईवाल्याने स्वस्त माल वापरला तर तो गिऱ्हाइकाच्या अन्नात जातो. यापेक्षा मोठी बेइमानी कोणती?

गॅरेजमध्ये हात पेट्रोलने धुणे आणि तोंडाने पाइप ओढणे बंद करावे. आजच्या पेट्रोलमध्ये शिसे नसले तरी बेंझिनसारखी घातक द्रव्ये आहेतच. कामाचे कपडे घरी मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. बॅटरी गल्लीत फोडू नये, नवीन घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी.

मालकाने लक्षात ठेवावे

१. गाडी डिझेल किंवा टू-स्ट्रोक असेल तर शिशाचा विषय सोडून द्यावा.

२. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर सीट वेगळी आणि कडक आहे. इंजिन तापू न देणे एवढेच पथ्य.

३. हेड बिडाचे असेल आणि गाडी सावकाश, थोडी चालत असेल, तर फक्त टॅपेटची फट मोजून वहीत लिहावी.

४. हेड बिडाचे आणि गाडी माल भरून घाट चढत असेल किंवा गॅसवर असेल, तर पुढच्या वेळी हेड उतरल्यावर एक्झॉस्टच्या कडक सीट बसवाव्यात. तोवर द्रव्याचे नाव लिहिलेले एकच औषध वापरावे.

५. गाडी कोणतीही असो, रबरी पाइप आधी बदलावेत.

आणि मिस्त्री बांधवांना एकच विनंती. गिऱ्हाइकाला वॉलमधले कळत नाही म्हणून तर तो तुमच्याकडे येतो. फट मोजून त्याला दाखवा आणि मगच खर्च सांगा. कापडाच्या दुकानात आम्ही गज गिऱ्हाइकाच्या समोर लावतो, ते याचसाठी. समोर मोजून दिलेल्या मालाचे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि आपल्याबरोबर आणखी चौघांना घेऊन येते.